रोजचं वचन आणि सत्तर वर्षं

सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. अजून चहा झालेला नाही आणि फोन सातव्यांदा वाजतो. मंडळीचा ग्रुप, शब्बाथ शाळेचा ग्रुप, तरुण संघाचा ग्रुप, मामांचा, आत्याचा, कॉलेजातल्या ख्रिस्ती मित्रांचा, आणि कुणी कधी काढला ते कुणालाच आठवत नाही असा एक. सगळीकडे तेच. मागे उगवता सूर्य, खाली गुलाब, मध्ये एक वचन, कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव. त्याखाली आमेनची रांग. जोडलेले हात, आमेन, जोडलेले हात, आमेन आमेन.

मीही टाकतो आमेन. म्हणजे टाकायचो.

आज याच विषयावर जरा भांडायचं आहे. कुणाला वाईट वाटलं तर आधीच सॉरी, कारण वाईट वाटणाऱ्यांतले निम्मे माझे नातेवाईकच असणार.

आमच्याकडे चर्चमध्ये वर्षातून चार-पाच वेळा तरी एक उपदेश ठरलेला असतो. मोबाइलमुळे लोकांचं शास्त्रवाचन सुटलं. रील्स, क्रिकेट, सिरियली, गेम्स, सगळ्यांची यादी होते. तरुण मंडळी खाली मान घालून ऐकतात (काहींची मान वेगळ्या कारणानं खाली असते). आणि मग उपाय काय? "प्रत्येकानं बायबलचं ॲप डाउनलोड करा आणि आपण मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक वचन टाकत जाऊ."

झालं. म्हणजे ज्या विहिरीत पोरगं पडलं तिथंच त्याला पोहायला शिकवायचं.

माझं म्हणणं थोडं उलटं आहे. रील्सचं मला एवढं भय वाटत नाही. रील बघताना मी वेळ घालवतोय हे मला पक्कं माहीत असतं. रील काही मी शास्त्र आहे असा आव आणत नाही. गुलाबावरचं वचन मात्र आणतं. ते बघून, अंगठा दाखवून, पुढे पाठवून झालं की मन म्हणतं, झालं आजचं वाचन. आणि त्या समाधानापोटीच कपाटातलं बायबल कपाटात राहतं. उपाशी माणूस भाकरी शोधतो. बडीशेप चघळत बसलेल्याला भूकच कळत नाही.

आता हे मी कुठल्या तोंडानं बोलतोय तेही सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला. आणि नुसता सॉफ्टवेअरवाला नव्हे, पूर्वी एका कंपनीत मी हेच काम केलंय. ॲप धार्मिक नव्हतं, पण यंत्र तेच. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम चालतो. ज्यांनी आज ॲप उघडलं नाही त्यांची यादी काढतो. त्या यादीचे दोन भाग करायचे. अर्ध्यांना रडका मजकूर, "तुमची आठवण येतेय", अर्ध्यांना हसरा, "फक्त एक मिनिट!" ज्या मजकुरानं जास्त लोकांनी ॲप उघडलं तो उद्यापासून सगळ्यांना. आणि सलग किती दिवस उघडलं त्याचा एक आकडा, त्याला म्हणायचं स्ट्रीक. स्ट्रीक तुटायची भीती ही बक्षिसापेक्षा मोठी असते, हे आमच्या धंद्यातलं पहिल्या इयत्तेचं ज्ञान आहे.

पण लक्षात घ्या, त्या प्रोग्रॅमला काय कळतं? ॲप उघडलं की नाही, एवढंच. वाचलं की नाही हे त्याला कळत नाही. समजलं की नाही हा तर प्रश्नच त्याच्या डेटाबेसमध्ये नाही. त्यासाठी कॉलमच नसतो हो.

बायबल ॲपचं उदाहरण तर आमच्या क्षेत्रात पुस्तकात शिकवलं जातं. निर ईयाल नावाच्या लेखकाचं 'हुक्ड' म्हणून पुस्तक आहे, २०१४ चं. लोकांना सवय लागेल अशी उत्पादनं कशी बनवावीत, हा त्याचा विषय. त्यात एक अख्खं प्रकरण यूव्हर्जनच्या बायबल ॲपवर आहे. आधी वेबसाइट काढली ती फारशी चालली नाही, मग २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा पहिल्याच खेपेला हे ॲप तिथे गेलं आणि मग मागे वळून पाहिलं नाही. याच लेखकानं पुढे २०१९ मध्ये लक्ष विचलित होऊ नये म्हणून काय करावं यावरही पुस्तक लिहिलं. रोगही त्यांच्याकडे, औषधही त्यांच्याकडे! असो. त्या ॲपवाल्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, फुकट देतात, मराठीतही देतात, जाहिराती दाखवत नाहीत. माझं भांडण मोजमापाशी आहे. उघडणं म्हणजे वाचणं, हे समीकरण एकदा डोक्यात बसलं की कितीही चांगला हेतू असो, माणूस उघडायला शिकतो. वाचायला नाही.

माझीही अशीच एका ॲपवर ४१२ दिवसांची स्ट्रीक होती. तेव्हा मी पुण्याला नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री सोलापूर, सोमवारी भल्या सकाळच्या हुतात्मानं परत. अशाच एका शनिवारी रात्री अकरा पन्नासला आठवलं की आजचं राहिलं. अंथरुणातच फोन काढला, उघडलं, खाली सरकवलं, हिरवी खूण आली, बंद केलं. शेजारी आई जागीच होती.

"काय बघलालास रे त्यात?"

"बायबल, आई."

"होय की? काय होतं आज?"

मला सांगता आलं नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी बघितलेलं. मी म्हणालो, स्तोत्र होतं. ती म्हणाली, "स्तोत्रं दीडशे हैत," आणि कूस बदलून झोपली.

पुढच्या वर्षी तिला आजार निघाला. कुठला ते सांगत बसत नाही, जो ऐकला की घरात एकदम शांतता होते तोच. आणि फोनवर वचनांचा पाऊस सुरू झाला. त्यातलं एक वचन तर किती वेळा आलं ते मोजायला हवं होतं. यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याचेच बेत आहेत, अशा अर्थाचं. तुमच्यापैकी ख्रिस्ती वाचकांना ते तोंडपाठ असेल, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून किल्ल्यांच्या छल्ल्यापर्यंत सगळीकडे असतं. माझ्या धाकट्या भावानं तर ते फोनच्या स्क्रीनवरच लावलं. त्याचा अर्थ त्याच्या दृष्टीनं सरळ होता. आई बरी होणार, देवानं लिहून दिलंय.

मी आईला ते वाचून दाखवलं. तिनं चष्मा मागितला, उशाशी असलेलं तिचं बायबल मागितलं आणि बोट ठेवून म्हणाली, "वरची ओळ वाचलास का?"

वरची ओळ म्हणजे दहावं वचन. त्यात सत्तर वर्षं आहेत.

इथं जरा थांबून सगळी गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. यरुशलेमहून धरून नेलेले लोक बाबेलात कैदी होऊन पडले होते. त्यांना यिर्मयानं लिहिलेलं हे पत्र. त्याच्या आधीच्याच अध्यायात, अठ्ठाविसाव्यात, हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा येतो आणि भर मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होणार, बाबेलचं जू मोडलंच समजा. लोकांना काय आवडणार? दोन वर्षंच. यिर्मया त्याला खोटा म्हणतो आणि कैद्यांना लिहितो की बाबांनो, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराचं भलं चिंता, तिथेच राहायचंय तुम्हाला. लवकर सुटका होईल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सत्तर वर्षं लागतील. आणि मग येतं ते अकरावं वचन.

म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक परत जाणार नव्हते. तिथेच मरणार होते. भल्याचे बेत आहेत हे त्यांना हे माहीत असताना सांगितलंय. दहावं वचन कापून अकरावं तेवढं गुलाबावर चिकटवलं की यिर्मयाचं पत्र हनन्याचं होऊन जातं. एकही अक्षर न बदलता! खोट्या संदेष्ट्याचा संदेश तयार करायला नुसती कात्री पुरते, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. निदान कुठल्या नोटिफिकेशननं तरी नाही.

आई म्हणाली, "सत्तर म्हणलंय. मला अडुसष्ट झाले. बघ आता तूच हिशोब." आणि हसली. तिनं ते पुस्तक किती वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं कुणास ठाऊक, पण तिला त्या वचनात जे मिळत होतं ते आम्हा कुणाला मिळत नव्हतं. तिला बरं व्हायची हमी नको होती. ती शेजारच्या पोरीच्या लग्नाला काय द्यायचं, कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी कोण घालणार, याच्या सूचना देत बसली होती. घरं बांधा, बागा लावा.

अकरा महिन्यांनी ती गेली. माझा भाऊ तेव्हापासून चर्चला येत नाही. मी त्याला एकदाच विचारलं. म्हणाला, "मला प्रॉमिस दिलं होतं त्यानं." मी त्याला सत्तर वर्षांची गोष्ट सांगायला गेलो तर म्हणाला, हे आधी सांगायचं होतंस. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. सात ग्रुपांवरून रोज त्याला ते वचन पाठवणाऱ्यांपैकी कुणीही, मीसुद्धा, वरची ओळ पाठवली नव्हती.

म्हणून जेव्हा लोक मला सांगतात की "अरे, काहीच न वाचण्यापेक्षा एक वचन तर वाचतात, वाईट काय त्यात?" तेव्हा माझं डोकं फिरतं. वाईट आहे. अर्धवट औषधाचा डोस काहीच न घेण्यापेक्षा दर वेळी बरा असतोच असं नाही, कुठल्याही डॉक्टरला विचारा.

यिर्मयातच छत्तिसावा अध्याय आहे. यहोयाकीम राजा थंडीच्या दिवसांत शेगडीपुढे बसलाय आणि त्याच्यापुढे यिर्मयाच्या संदेशाची गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत अख्खी गुंडाळी जाळतो. या यहोयाकीमाचा बाप योशीया. त्याच्या काळात मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला होता. खुद्द मंदिरात हरवलेला! तो ग्रंथ राजापुढे वाचला गेला तेव्हा योशीयानं अंगावरचे कपडे फाडले. बापानं वाचन ऐकून कपडे फाडले, पोरानं वाचनच फाडलं. आमची पिढी कुणाची पोरं हा प्रश्न मला छळतो. आम्ही जाळत नाही, एवढंच. कापतो मात्र तसंच, तीन-चार रकानेही नाही, एकेक ओळ.

बरं, वचनांचे आकडे तरी मूळचे कुठे आहेत? अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकाच्या आसपास, आणि नव्या कराराच्या वचनांना आज वापरतो ते क्रमांक दिले रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानं १५५१ मध्ये. शोधायला सोपं जावं म्हणून. म्हणजे तो पत्ता होता, आपण पत्त्यालाच घर समजून राहायला गेलो.

कुणी म्हणेल, हा सॉफ्टवेअरवाला असून टेक्नॉलॉजीच्या विरोधात बोलतो. अजिबात नाही. उलट ख्रिस्ती लोक याबाबतीत जगाच्या पुढे होते. बाकीचे गुंडाळ्या वापरत होते तेव्हा दुसऱ्या शतकापासूनच ख्रिस्ती लोकांनी पानं शिवलेलं पुस्तक उचललं. गुंडाळी म्हणजे कॅसेट, पुस्तक म्हणजे सीडी, असं समजा. हवं ते पान झटकन उघडता येतं. मराठीचंच घ्या. विल्यम केरीनं श्रीरामपुरात बसून १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, ते त्या काळातलं अगदी ताजं तंत्रज्ञान होतं. आणि सोमवारच्या हुतात्मानं दौंड गेलं की थोड्या वेळानं केडगाव मागे पडायचं, तिथे पंडिता रमाबाईंनी काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत एकटीनं अख्खं बायबल आणलं. मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. वर्षानुवर्षं खपल्या त्या. छपाईयंत्र त्यांना वर्ज्य नव्हतं. पण अख्खं पुस्तक द्यायचं होतं त्यांना, गुलाब नव्हे.

फोनचे उपकारही मी नाकारत नाही. माझी मामी नर्स, नाइट ड्यूटीत तिला दहा मिनिटं मिळतात, ती फोनवरच वाचते. आणि अध्याय संपवते. ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी ऑडिओ बायबल म्हणजे वरदान आहे. ऐकणं ही तर मूळ पद्धत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत चौकात उभा राहून वाचतो आणि लोक उभे राहून ऐकतात. दुपारपर्यंत! आमच्याकडे शास्त्रपाठ बारा वचनांच्या पुढे गेला की लोक घड्याळ बघतात.

पण त्यासाठी यंत्रानं गप्प बसलं पाहिजे ना. मी एकदा कौटुंबिक उपासनेत फोनवरून विलापगीत वाचत होतो आणि मध्येच वरून पिझ्झ्यावर एकावर एक फ्री खाली उतरला. माझा आवाज अडखळला नाही, हीच खरी वाईट गोष्ट. मी सवयीनं तो बोटानं बाजूला केला आणि यरुशलेमचा विलाप पुढे चालू ठेवला. ग्लोरिया मार्क या संशोधक माणसं स्क्रीनवर एका गोष्टीकडे किती वेळ टिकतात हे घड्याळ लावून मोजत आल्यात. २००४ मध्ये ते सरासरी अडीच मिनिटं होतं, अलीकडच्या काळात ४७ सेकंद. सत्तेचाळीस सेकंदांत सत्तर वर्षं कशी मावणार?

आमच्या शेजारचे काका श्रावणात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस. कंटाळवाणी ओवी गाळायची मुभा नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या ख्रिस्ती माणसाला नित्यनेम म्हणजे काय हे कुठल्या अमेरिकन ॲपनं शिकवावं, याची मला शरम वाटते. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थानं नवा करार दिला. पुस्तक दिलं, निवडक सुविचार नव्हेत. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून सुटलेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. (मुंबई-सोलापूर वंदे भारतही १० फेब्रुवारीलाच सुरू झाली, २०२३ साली. त्या गाडीत आता कुणी कुणाला पुस्तक दिलं तर समोरचा आधी कानातलं काढेल का, हा प्रश्नच आहे.)

हिशोब सांगतो, इंजिनिअर आहे म्हणून. आमच्या बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात संपतात. ते जमत नसेल तर रोज एक, सव्वातीन वर्षं. घाई कुणाला आहे? स्ट्रीक मोडली तर मोडू दे, खूण घातलेल्या पानापासून पुढे. कागदी पुस्तकाला तुमची आठवण येत नाही, ते रडका मेसेज पाठवत नाही. ते नुसतं पडून असतं आणि उघडलं की शेजारची ओळही दिसते, तुम्हाला हवी असो वा नसो.

मी सगळे ग्रुप सोडले नाहीत, मंडळीच्या बातम्या तिथेच कळतात. पण आता कुणी वचन टाकलं की मी आमेन लिहीत नाही, त्याच्या वरचं आणि खालचं वचन टाकतो. लोक चिडतात. एका ज्येष्ठ डीकनसाहेबांनी खासगीत फोन करून विचारलं, तुला देवाच्या वचनाचा काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हणालो, नाही, मला कात्रीचा आहे.

आता मी सोलापुरातच असतो, घरून काम करतो. रात्री नऊला सगळ्यांचे फोन आईच्या जुन्या पिठाच्या डब्यात जातात, झाकण लागतं, आणि आईच्याच बायबलातून एक अध्याय मोठ्यानं. पाळीपाळीनं. भावाला मी बोलावलेलं नाही. पण गेल्या महिन्यात तो सहज नऊच्या सुमारास आला होता, दारात चप्पल काढून तसाच उंबऱ्यापाशी उभा राहिला, अध्याय संपेपर्यंत. मग जेवला आणि गेला. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

सध्या लेवीयात आहोत. लेवीय म्हणजे काय ते वाचलेल्यांना माहीत आहे. परवा चौदावा अध्याय होता. घराच्या भिंतीला चट्टे पडले तर याजकानं येऊन बघायचं, सात दिवस घर बंद ठेवायचं, तरी वाढले तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, वगैरे वगैरे. सत्तावन्न वचनं. बायको पेंगत होती. माझा पोरगा मात्र टक्क जागा. संपल्यावर म्हणाला, "पप्पा, आपल्या बाथरूमची भिंत पाळकसाहेबांना दाखवायची का?"